वजा केलेली हवा

माझी बायको चिलीत राहते आणि मी भिंगारमध्ये. लग्नाला बरीच वर्षं झाली, त्यातली निम्म्याहून जास्त अशी गेली. लोक विचारतात, ती तिथं काय करते? मी सांगतो, दुर्बिणीवर काम करते. मग विचारतात, आणि तुम्ही इथं काय करता? मी इतकंच करतो. नगरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवतो, शनिवारी पुणतांब्याला आईकडे जातो, रविवारी दुपारच्या गाडीनं परत येतो आणि संध्याकाळी सहाला फोन समोर उभा करून बसतो. तिच्याकडे तेव्हा सकाळ असते. ओले केस पंच्यात गुंडाळून, कॉफीचा मग हातात घेऊन ती पडद्यावर येते आणि पहिला प्रश्न विचारते, जेवलास का? अगं बाई, संध्याकाळी सहाला कोण जेवतं? पण ती विचारते आणि मी हो म्हणतो. मला तिची फार आठवण येते. हे एकदा सरळ सांगून टाकलं म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा.

आम्ही पुण्यात एमएस्सीला एका वर्गात होतो. मला तिच्यापेक्षा दोन मार्क जास्त होते. हे मी अजून सांगतो आणि ती अजून हसते. पुढं वडील गेले, पुणतांब्याला आई एकटी, नदीकाठची जमीन, पेरूची बाग, आणि मला नगरला नोकरी मिळाली. ती संशोधनात राहिली. चिलीचं बोलावणं आलं तेव्हा तिच्यापेक्षा मीच जास्त नाचलो. जा, बिनधास्त जा, दोन-तीन वर्षं तर आहेत, बघता बघता संपतील, असं मी छाती फुगवून म्हणालो. डोंबल संपतात. एक मुदत संपली की दुसरी लागते. आणि माझी छाती एकदा फुगली होती ती आता खाली कशी घ्यायची, हे मला समजत नव्हतं. म्हणून दरवेळी, मुदत वाढली असं ती सांगायची आणि मी वा वा म्हणायचो.

ती ज्या वाळवंटात काम करते तिथं वर्षानुवर्षं पाऊस पडत नाही. आमच्या नगर जिल्ह्याच्या कोरडेपणाचं मला कोण कौतुक होतं, पण तिकडचे फोटो पाहिल्यावर वाटलं, आपण तर कोकणात राहतो. दुर्बिणीला असलाच प्रदेश लागतो. हवेत ओल नको, धूळ नको, ढग नको. खरं तर हवाच नको.

तिचं काम क्वेसारचं. क्वेसार म्हणजे फार लांबच्या एखाद्या दीर्घिकेचा पेटलेला गाभा. मध्ये अजस्र कृष्णविवर, त्याच्याभोवती वायू गरगर फिरून तापतो आणि अख्ख्या दीर्घिकेला झाकून टाकेल इतका उजेड फेकतो. तो उजेड आपल्याकडे पोचायला अब्जावधी वर्षं लागतात. दुर्बीण तो पकडते, उपकरण त्याचे रंग पसरून देतं आणि आपल्या हातात येतो एक आलेख. डावीकडे निळं, उजवीकडे तांबडं, आणि मधून जाणारी एक थरथरती रेघ. या रेघेवर काही रुंद टेकाडं असतात. ती क्वेसारची स्वतःची. त्याच्याजवळचा हायड्रोजन, कार्बन, मॅग्नेशियम आपापल्या रंगात चमकतात, त्या उत्सर्जन रेषा. आणि मधेमधे अरुंद, खोल खाचा असतात. त्यातल्या बहुतेक क्वेसारच्या नसतात. उजेड निघाला, वाटेत कुठंतरी वायूचा ढग आडवा आला, त्यानं आपले ठरलेले रंग गिळले आणि बाकीचा उजेड पुढं सोडला. त्या शोषण रेषा. विश्व पसरतं तसा हा उजेड ताणला जातो आणि सगळ्या रेषा तांबड्याकडे सरकतात. जितकं लांबचं, तितकं सरकणं जास्त. म्हणून टेकाडं किती सरकली यावरून क्वेसार किती लांब ते कळतं, आणि खाचा किती सरकल्या यावरून वाटेतला ढग किती लांब ते. ढग स्वतः कधीच दिसत नाही. त्यानं काय गिळलं, एवढ्यावरून तो ओळखायचा.

संगणक हे पटापट करतो, पण फसतोही पटापट. त्यामुळे तिच्या गटात एक शिस्त आहे. शंकेचा प्रत्येक वर्णपट दोन माणसांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा. वेगवेगळा, आणि आपसात एक अक्षर न बोलता. आपलं मत भरलं की ते कुलूपबंद होतं, बदलता येत नाही. दोघांचं जुळलं तर तेच धरायचं. नाही जुळलं तर त्यांचा प्रमुख स्वतः बघतो. वर्णपटांचा ढीग पडला आणि डोळे कमी पडायला लागले, तेव्हा त्यांनी ठिकठिकाणच्या फिजिक्सच्या मास्तरांना हाक दिली. मी लगेच नाव दिलं. हा माझा नवरा आहे, असं तिनं प्रमुखाला आधीच सांगून टाकलं. त्यावर तो म्हणे म्हणाला, नवरा-बायकोचं एकमत झालं तर मी ते जास्तच पक्कं धरीन.

मला या कामाची हौस होती असं कुणाला वाटेल, पण खरं कारण वेगळं होतं. ती जे बघते ते मलाही बघायचं होतं. तिच्या दिवसातला तेवढा तरी तुकडा माझ्या टेबलावर यावा, बाकी काही नाही.

ती संगणकावर वाचायची. मी कागदावर. कॉलेजच्या प्रिंटरवर आलेख काढायचा, कागदाला कागद चिकटवून लांबलचक करायचा आणि त्यावर पट्टी सरकवायची. ही पट्टी मी आमच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कापून केली. पत्रिकांचा गठ्ठा माळ्यावर पडून होता, कागद जाड, मागची बाजू कोरी. आलेखाची मापं एका ठरावीक पद्धतीनं मांडली की रेषा कितीही सरकल्या तरी त्यांच्यामधली अंतरं तीच राहतात. मग पट्टीवर मॅग्नेशियम, लोह, कार्बन यांच्या खुणा एकदा करून ठेवायच्या आणि पट्टी डावी-उजवीकडे नेत बसायचं. सगळ्या खुणा खाचांवर एकदम बसल्या की ढग सापडला. ती या पट्टीला शिंप्याची पट्टी म्हणायची आणि तिच्या मागच्या बाजूला आमच्या दोघांच्या नावांचे अर्धे-अर्धे तुकडे आहेत म्हणून फोनवर मुद्दाम दाखवायला लावायची.

सुरुवातीलाच मी माती खाल्ली. सरावासाठी पाठवलेल्या वर्णपटांत मला गडद तांबड्या भागात एक रुंद खाच दिसली. दुसऱ्या क्वेसारमध्ये बघतो तर तीच, त्याच जागी. तिसऱ्यातही तीच. क्वेसार आकाशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत आणि ढग मात्र सगळ्यांपुढं एकच! मी हर्षवायू झाल्यासारखा रविवारची वाट न बघता तिला फोन लावला. विश्वाला वेढून बसलेला एक प्रचंड ढग मी भिंगारमध्ये बसून शोधला होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग इतकी हसली, इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला.

"अरे, तो ऑक्सिजन आहे," ती म्हणाली. "तू श्वासात घेतोस तो. आपलीच हवा."

कपाळ माझं. अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेला उजेड शेवटी आपल्या पृथ्वीच्या हवेतून खाली उतरतो आणि ती हवासुद्धा आपला घास घेते, हे मी वर्गात पोरांना शिकवत आलोय. पण समोर दिसलं तेव्हा मला लांबचंच सुचलं, जवळचं नाही. त्या सरावाच्या आलेखांतून हवा काढलेली नव्हती. एरवी पहिलं काम तेच असतं. त्याच रात्रीचा जवळपासचा एखादा ओळखीचा तारा घ्यायचा, त्याच्या उजेडात हवेनं किती खाल्लंय ते बघायचं, आणि तेवढी हवा क्वेसारमधून वजा करून टाकायची. तेव्हापासून आमच्यात हा शब्द रूढ झाला. कुठंही काही जास्तच मोठं वाटायला लागलं की ती म्हणायची, बघ हं, आपली हवा असेल.

रविवारी आधी कामाचं उरकायचो. आठवड्यात दोघांनी वाचलेले वर्णपट एकेक काढायचे, एक-दोन-तीन म्हणायचं आणि आपापलं मत दोघांनी एकदम बोलायचं. बहुतेक वेळा दोघांच्या तोंडून एकच शब्द यायचा, आणि मधे एवढा समुद्र असून आमचा आवाज एकात एक मिसळायचा. तो क्षण मला आठवडाभर पुरायचा. पण हळूहळू एक झालं. आधी बोलायचं नाही, आपलं मत दुसऱ्याच्या मतावर पडू द्यायचं नाही, ही कामातली शिस्त आमच्या घरात शिरली. तू परत येशील का, हे मी कधी विचारलं नाही. तिला राहायचंय की यायचंय, हे ती आपणहून कधी बोलली नाही. मला वाटायचं, ती तिकडं रमलीय. तिला वाटत असावं, याला सवय झालीय. एक-दोन-तीन म्हणायची वेळ या बाबतीत कधी आलीच नाही.

गेल्या हिवाळ्यात तिनं फोनवर सांगितलं की उन्हाळ्याच्या शेवटी तिची मुदत संपतेय आणि या खेपेला पुढची आपोआप मिळणार नाही. सगळं एका क्वेसारवर येऊन ठेपलं होतं. त्याच्या वर्णपटात मॅग्नेशियमच्या दोन खाचा होत्या. मॅग्नेशियमची जोडीच असते, दोन रेषा नेहमी शेजारी शेजारी. या जोडीच्या खाचा भलत्याच खोल होत्या. खऱ्या असतील तर तो उजेड एखाद्या न दिसणाऱ्या दीर्घिकेच्या पोटातून पार होऊन आला होता, आणि मग त्या ढगाच्या अभ्यासाला मोठ्या दुर्बिणीचा वेळ आणि आणखी दोन वर्षांची जागा, ती तिचीच. पण मेख अशी की ही जोडी सरकून नेमकी पडली होती आपल्या ऑक्सिजनच्या पट्ट्यावर. हवा वजा करताना थोडं कमी-जास्त झालं तर तिथं असला खोटा खळगा उरतोच. म्हणजे तो लांबचा ढग होता, किंवा आपली हवा होती. ढग असेल तर ती तिथं राहणार. हवा असेल तर ती घरी येणार.

घरी आले तर नगरलाच कुठंतरी शिकवेन, ती म्हणाली, गच्चीवर एक छोटी दुर्बीण बसवू. हे तिनं इतक्या सहज सांगितलं की त्यात इच्छा किती आणि माझी समजूत घालणं किती, याचा मला थांग लागेना. तो वर्णपट वाचणारे आम्ही दोघंच होतो. आपलं मत तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

शनिवारी मी तो आलेख गुंडाळी करून पुणतांब्याला नेला. आई बागेत पेरू निवडत बसली होती. बाजेवर मी कागद पसरला, वाऱ्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार पेरू ठेवले आणि पट्टी काढली. आईनं हा उद्योग पुष्कळदा पाहिलेला आहे. तिला मी एकदा समजावून सांगितलंही होतं, लांबून उजेड येतो, मधे काय काय आडवं आलं त्याच्या खुणा त्यात राहतात. तिनं सगळं ऐकून घेतलं होतं आणि तेव्हापासून दर शनिवारी तिचा एकच प्रश्न असतो. त्या दिवशीही पेरू क्रेटमध्ये टाकता टाकता तिनं विचारला.

"ती कवा येनार हाय ते दिसतं का रं त्यात?"

एरवी मी हसतो आणि नाही म्हणतो. त्या दिवशी मला हसू आलं नाही. दिसत होतं ना! पहिल्यांदाच ते त्यात दिसत होतं.

हवा की ढग हे ठरवायची रीत सोपी आहे. ढग खरा असेल तर त्यात नुसतं मॅग्नेशियम नसणार, लोहही असणार. मग मॅग्नेशियमची खूण त्या जोडीवर बसवायची आणि पट्टीवर डावीकडे लोहाच्या खुणा जिथं येतात तिथं बघायचं. तिथं आपल्या हवेचा काही संबंध नाही, तो भाग स्वच्छ असतो. तिथं खाच नसेल तर हवा. असेल तर ढग.

मी पट्टी बसवली आणि डावीकडे बघायच्या आधी उठून पाणी पिऊन आलो. मग बाजेभोवती एक चक्कर मारली. आईनं विचारलं, काय हरवलं का? मी म्हणालो, काही नाही. बसलो आणि बघितलं. लोहाच्या सगळ्यात ठळक खुणेखाली रेघ खाली गेली होती. फार नाही, नखानं ओरखडावं तेवढी. मी कागदावर फुंकर मारली. वाटलं, धूळ असेल. मग वाटलं, प्रिंटरची शाई. मोबाईलवर मूळ आलेख उघडून मोठा करून बघितला, तिथंही ती तशीच. दुसरी खूण बघितली, आणखी डावीकडची. तिथंही ओरखडा. दोन्ही अगदी जागच्या जागी, मॅग्नेशियम जितकं सरकलेलं तितकंच लोह सरकलेलं. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठल्या कोण दीर्घिकेतल्या लोहानं हे दोन घास घेतले होते आणि ते माझ्या ताटातून गेले होते. मला इतका राग आला की मी एक पेरू उचलून नदीच्या बाजूला भिरकावला. कागदाचा कोपरा फडफडायला लागला आणि आई ओरडली, अरं लेका, चांगला पेरू हुता त्यो.

रविवारभर आणि सोमवारी दुपारपर्यंत मी मत भरलं नाही. त्या रविवारच्या फोनवर आम्ही बाकीचे वर्णपट उरकले, हा तेवढा पुढच्या आठवड्यावर टाकला. खरं सांगतो, हवा असं लिहायचा मोह मला झाला नाही असं नाही, चांगला झाला. ते धडधडीत खोटंही झालं नसतं. ओरखडे बारीक होते, रेघ थरथरती होती, लोह नक्की दिसत नाही असं म्हटलं असतं तर कुणी माझी मान पकडली नसती. भिंगारमधल्या एका मास्तराला दिसलं नाही, एवढंच. आणि तिच्याही नजरेतून ते सुटलं, तर दोघांचं जुळलंच. मी मनातल्या मनात तिचं सामान खोलीत लावूनसुद्धा बघितलं. खिडकीजवळ तिचं टेबल, कपाट तिला, मला दोरी. संध्याकाळी कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यानं दोघांनी फिरायला जायचं आणि जेवलास का म्हणून तिनं समोर बसून विचारायचं, खऱ्या जेवायच्या वेळेला.

पण मी काही इतका भोळा नाही. आज ना उद्या तिला ते लोह दिसणारच होतं. मग एखाद्या रात्री समोर जेवताना दोन घास खाऊन ती मान वर करील आणि नुसती बघेल. ते बघणं मला झेपलं नसतं. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे, तिला राहायचंय असं मी धरून चाललो होतो. तिचं ज्यात मन आहे ते आपण आपल्या एकटेपणासाठी कसं मोडायचं? मोठ्या मनाचा नवरा ना मी! सोमवारी संध्याकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसून मी भरलं: ढग आहे, लोहाच्या दोन रेषा दिसतात, पूर्ण खात्री. कुलूप पडलं. त्या आठवड्यात मी वर्गात पोरांवर विनाकारण खेकसत होतो.

रविवारी सहाला ती आली तेव्हा केस कोरडे होते आणि हातात मग नव्हता. जेवलास का, तेही तिनं विचारलं नाही. हा एकच घेऊ या, ती म्हणाली. एक, दोन, तीन.

मी म्हणालो ढग. ती म्हणाली हवा.

आधी मला वाटलं, फोनचा आवाज मागं-पुढं झाला. मग वाटलं, चेष्टा करतेय. मग माझ्यातला मास्तर उठला आणि मी सुरू झालो. हवा कशी म्हणतेस? लोह बघितलं नाहीस का? डावीकडे ठळक रेषा आहे, दुसरीही आहे, दोन्ही सरकणं तंतोतंत जुळतं, मी पट्टीवर घेतलं, मोबाईलवर बघितलं, एवढं तर आमच्या एमएस्सीच्या पोरांनाही दिसेल. तिनं माझं सगळं संपू दिलं.

"दिसलं होतं," ती म्हणाली. "मला ते दिसायला नको होतं. मला वाटलं, तू तर नक्की हवा म्हणशील. दोघांचं जुळेल आणि मी येईन."

माझ्या हातातली पट्टी खाली पडली. ती उचलायच्या निमित्तानं मी वाकलो आणि जरा वेळ तसाच राहिलो. इतकी वर्षं मी समजत होतो की ही तळमळ माझी एकट्याची आहे. ती तर तिकडं माझ्याहून जास्त झुरत होती. एरवी एक खाच कधी सोडायची नाही अशी बाई, आणि तिनं डोळ्यांसमोरचं लोह सोडून दिलं होतं, घरी यायला. आणि मी, मोठ्या मनाचा, माझ्या हातानं दार लावून घेतलं होतं. मला तिच्यावर राग आला, स्वतःवर आला, त्या प्रमुखावर आला आणि मी मोठ्यानं म्हणालो, मग आधी बोलायचं नाही का बाई!

"आधी बोलायचं नाही, असंच आहे ना आपलं?" ती म्हणाली. मग ती रडली आणि मीही रडलो. खाली घरमालकांनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं असणार.

मतं जुळली नाहीत, तेव्हा प्रमुखानं बघितलं. त्याला लोह दिसलं, न दिसून करतो काय. तिनं त्याला आपणहून सांगितलं की दुसऱ्या वाचकाचं बरोबर आहे, माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तो समजूतदार माणूस, त्यानं पुढं काही विचारलं नाही. ढग पक्का झाला. मोठ्या दुर्बिणीचा वेळ मिळाला, दोन वर्षांची जागाही. सोडून ये, असं मी या वेळी तोंड उघडून म्हणालो, आणि तिनंही तोंड उघडून सांगितलं की यायचं तर आहेच, पण हे अर्धं टाकून नाही. ही दोन वर्षं शेवटची. आता निदान दोघांचं मत दोघांना माहीत आहे.

आईला मी सगळं सांगितलं. तिनं काम थांबवलं. म्हंजे तू दुसरं कायबी सांगितलं असतंस तर ती आली असती व्हय, तिनं विचारलं. मी हो म्हणालो. मला वाटलं, आई म्हणेल, खरं बोललास ते बरं झालं.

"मग सांगायचं हुतंस की लेका," आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत गोठ्याकडे गेली.

त्यानंतरच्या रविवारी फोनवर बोलायला काम नव्हतं. ती त्या क्वेसारच्या नव्या निरीक्षणाची तयारी करत होती. काय चाललंय विचारलं तर म्हणाली, काय असणार, हवा काढतेय.

"दिवसभर तेच करते रे. आपली हवा शोधायची आणि वजा करायची. जरा फोन बाहेर ठेवतोस?"

मी फोन उचलून गॅलरीच्या कठड्यावर ठेवला, रस्त्याकडे तोंड करून. कडुनिंबाखाली पोरं क्रिकेट खेळत होती. बाजाराकडून भेळवाल्याच्या पळीचा आवाज येत होता. लष्कराचा एक ट्रक गेला, त्याच्यामागं धूळ उठली आणि ती उन्हात तांबूस दिसली. लांब रेंजवर तोफेचा सराव चालू होता, त्याचा धप्प आवाज येऊन खिडकीच्या काचा हलक्या थरथरल्या. खाली घरमालकांच्या कुकरची शिट्टी झाली आणि डाळीचा वास वर आला. तो तिच्यापर्यंत पोचणार नव्हता, म्हणून मी तिला तोंडानं सांगितला. मी शेजारी उभा होतो. थोड्या वेळानं, गार वारा सुटला तेव्हा, आत जाऊ का, असं मी विचारलं.

"तू जा," ती म्हणाली. "फोन अजून थोडा वेळ तिथंच राहू दे."

मी गेलो नाही. तिथंच उभा राहिलो.